मोलोकाईचे फादर डेमियन

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांत मोलोकाई नावाचे एक बेट आहे. त्याच्या उत्तरेस समुद्रात शिरलेली एक सखल भूमी असून तिच्या तिन्ही बाजूंना खवळलेले पाणी व चौथ्या बाजूस उंच, उभा कडा आहे. त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. म्हणून हवाईच्या राज्याने १८६५ साली कायदा केला व १८६६ पासून रोग्यांना तेथे नेऊन ठेवण्यास आरंभ केला. आईपासून मूल व पतीपासून पत्नी कायमची दुरावे. घरी परतण्याची आशा नसल्याने अनेकजण व्यसनाच्या आहारी जात. दुर्बळांना कोणी वाली नसे.

१० मे १८७३ रोजी या वस्तीत तेहतीस वर्षांचे एक ख्रिस्ती धर्मगुरू उतरले. तेच फादर डेमियन होत. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात झाला. हवाईला खरे तर त्यांचे वडील बंधू जावयाचे होते. परंतु ते आजारी पडल्यामुळे डेमियन गेले व १८६४ मध्ये होनोलुलूला पोहोचले. पुढे मोलोकाईस आळीपाळीने जाण्यासाठी चार धर्मगुरू पुढे आले. त्यांत पहिली पाळी डेमियन यांची होती. ती त्यांनी जन्मभर संपू दिली नाही.

आरंभी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली ते झोपत. रोग्यांना स्पर्श करू नये, असे त्यांना बजावण्यात आले होते. परंतु येशू ख्रिस्ताने कुष्ठरोग्याला हात लावला, ही बायबलातील कथा त्यांच्या मनात खोल रुजली होती. शिकवण खरी मानावयाची, तर ती हातांनी आचरली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ते रोग्यांच्या जखमा धूत, त्यांच्या पंगतीस बसत. वस्तीत पाणी नळाने आणण्याच्या कामी ते झटले. सरकारच्या मागे लागून त्यांनी लाकूड मिळविले व रोग्यांना बरोबर घेऊन घरे बांधली. अनाथ मुलांसाठी निवारा उभारला. मृतांसाठी शवपेट्याही त्यांनी स्वतः तयार केल्या.

त्यांचा स्वभाव हट्टी व तापट होता. त्यामुळे अधिकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत. परंतु त्यांच्या चर्चभोवती हळूहळू एक समाज उभा राहिला. कोणी प्रार्थनेत गाऊ लागले, कोणी वाद्ये वाजवू लागले. मृतांवर सन्मानाने अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून रोग्यांनीच एक मंडळ स्थापन केले. टाकून दिलेली माणसे पुन्हा एकमेकांची झाली.

१८८४ च्या डिसेंबरात डेमियन यांनी कढत पाण्यात पाय घातले, तेव्हा त्यांना चटका जाणवला नाही. आपल्यालाही रोग जडला, हे त्यांना उमगले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. पुढे जोसेफ डटन व मदर मॅरिअन कोप हे सेवाभावी सहकारी त्यांना लाभले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २००९ साली त्यांना संतपद देण्यात आले.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. मोलोकाईवरील सक्तीचा एकांतवास १९६९ साली संपला. तथापि मोकळीक मिळाल्यावरही अनेकांनी ती जागा सोडली नाही. पूर्वी जेथे माणसांना टाकून दिले जाई, ते स्थळ आता त्यांचे गाव झाले होते.