ऑगस्टस देस्ते

सर ऑगस्टस फ्रेडरिक देस्ते (१३ जानेवारी १७९४ – २८ डिसेंबर १८४८) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू होते. वयाच्या २८व्या वर्षापासून त्यांनी आपल्या आजाराच्या नोंदी रोजनिशीत लिहून ठेवल्या. त्यांच्या हयातीत या आजाराला नाव नव्हते. या नोंदींमध्ये वर्णन केलेला आजार मल्टिपल स्क्लेरोसिस होता, असे आज मानले जाते. या रोगाचे रुग्णाने स्वतः लिहिलेले हे सर्वांत जुने सविस्तर वर्णन समजले जाते.

प्रारंभिक जीवन

देस्ते यांचे वडील राजपुत्र ऑगस्टस फ्रेडरिक (पुढे ड्यूक ऑफ ससेक्स) हे तिसऱ्या जॉर्ज यांचे सहावे पुत्र होते. आई लेडी ऑगस्टा मरे या डनमोरच्या चौथ्या अर्लच्या कन्या होत्या. या दोघांनी १७९३मध्ये रोम येथे गुप्तपणे विवाह केला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये तो विधी पुन्हा केला. राजाच्या संमतीशिवाय झालेला हा विवाह १७७२च्या शाही विवाह कायद्याविरुद्ध असल्याने १७९४मध्ये रद्दबातल ठरला. त्यामुळे राजघराण्यात जन्मूनही देस्ते यांना राजपुत्राचा दर्जा किंवा वारसाहक्क मिळाला नाही.

तरुणपणी ते सैन्यात दाखल झाले. न्यू ऑर्लिन्सच्या लढाईच्या वेळी ते जनरल सर जॉन लॅम्बर्ट यांचे परिसहायक होते. १८३०मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

आजाराची सुरुवात

डिसेंबर १८२२मध्ये देस्ते एका वडीलधाऱ्या नातलगाच्या भेटीसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात गेले. ते पोहोचण्यापूर्वीच त्या नातलगाचे निधन झाले होते. अंत्यविधीनंतर थोड्याच काळात त्यांना बारीक वस्तू अंधुक दिसू लागल्या. आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत आणि उत्तरेही दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यावी लागत. त्यानंतर ते आयर्लंडला गेले असता कोणत्याही उपचाराविना त्यांची दृष्टी पूर्ववत झाली. पुढील काही वर्षांत हा त्रास पुन्हा उद्भवला.

लक्षणे अचानक दिसणे, ती ओसरणे आणि काही काळाने शरीराच्या दुसऱ्याच भागात प्रकट होणे, हा या रोगाचा एक प्रमुख प्रकार आहे. मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांमधील तंतूंभोवती असलेल्या मायलिन या आवरणाला ठिकठिकाणी इजा झाल्याने संदेशवहनात अडथळा येतो. ज्या ठिकाणी इजा होते, त्यानुसार लक्षणे बदलतात.

इटलीतील आजारपण

१८२७च्या शरद ऋतूत देस्ते इटलीत होते. ऑक्टोबरमध्ये व्हेनिस येथे त्यांना डाव्या कानशिलाजवळ बधिरता जाणवली. फ्लोरेन्सला पोहोचल्यावर त्यांची दृष्टी पुन्हा अंधुक झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वस्तू दुहेरी दिसू लागली. तेथील डॉक्टरांनी पित्तदोष हे कारण ठरवले. कानशिलांना जळवा लावणे, रेचके व वांतिकारक औषध देणे आणि दंडातून रक्त काढणे असे उपचार झाले. डोळ्यांचा त्रास कमी झाला आणि ते पुन्हा बाहेर फिरू लागले.

मात्र यानंतर पायांतील शक्ती कमी होऊ लागली. जिना चढणे-उतरणे दिवसागणिक अवघड होत गेले. शक्ती परत यावी म्हणून ते फ्लोरेन्सच्या तटबंदीलगत झपाट्याने चालण्याचा व्यायाम करीत. पाठीच्या कण्याच्या टोकाशी बधिरता आली. ४ डिसेंबरच्या सुमारास पायांतील शक्ती पूर्णपणे गेली. एकाच दिवशी शौचास जाताना ते दोनदा जमिनीवर पडले आणि नोकर येऊन उचलेपर्यंत त्यांना तसेच पडून राहावे लागले. ही अवस्था सुमारे २१ दिवस टिकली.

त्यानंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी आधीच्या उपचारांच्या अगदी उलट मार्ग स्वीकारला. त्यांनी दिवसातून दोनदा मांसाहार, पोर्टर ही काळी बिअर, शेरी आणि मडेरा ही मद्ये आणि पायांना औषधी तेलाचे मर्दन सुचवले. पायांत हळूहळू शक्ती आली, परंतु पूर्वीची तब्येत पूर्णपणे परतली नाही.

उत्तरायुष्य

पुढील काळात देस्ते यांनी औषधी झऱ्यांची स्नाने, मर्दन, लोहयुक्त औषधे आणि विजेचे उपचार करून पाहिले. मूत्रविसर्जनातील अडचण, लैंगिक दुर्बलता, भोवळ आणि रात्री पायांत येणारे पेटके यांच्याही नोंदी त्यांनी मोकळेपणाने केल्या. ते आजन्म अविवाहित राहिले.

आजारपणातही त्यांचे सार्वजनिक कार्य चालू होते. कॅनडातील मिसिसागा समाजाचे नेते पीटर जोन्स यांच्याशी त्यांची मैत्री होती आणि उत्तर अमेरिकेतील मूळनिवासींच्या हक्कांचा त्यांनी पुरस्कार केला. १८४३मध्ये वडिलांच्या निधनानंतर त्यांनी ड्यूक ऑफ ससेक्स या पदवीवर हक्क सांगितला, परंतु १८४४मध्ये उमरावांच्या सभागृहाने तो फेटाळला.

याच सुमारास त्यांचे चालणे अधिक बिघडले. आधी काठ्यांचा आणि नंतर चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. रोजनिशी १८४६पर्यंतची आहे. त्यापुढील काळात ते आपल्या चालण्याच्या नोंदी एका पंचांगवजा वहीत करीत. अखेरच्या नोंदींतही सुधारणेची आशा दिसते. रॅम्सगेटजवळील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात देस्ते कुटुंबाचे समाधिस्थळ आहे.

महत्त्व

देस्ते यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८६८मध्ये, फ्रेंच चेतारोगतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी या रोगाचे स्वतंत्र रोग म्हणून पद्धतशीर वर्णन केले. देस्ते यांच्या नोंदींवर आधारित डग्लस फर्थ यांचे पुस्तक १९४८मध्ये प्रकाशित झाले. देस्ते यांच्यावर वेगवेगळ्या ठिकाणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्या त्या वेळचा त्रासच दिसत होता. डोळे, पाय आणि मूत्राशय यांच्या तक्रारींचा दोन दशकांहून अधिक काळाचा सलग क्रम केवळ रुग्णाच्या वहीत नोंदलेला होता. त्यावरूनच नंतरच्या अभ्यासकांना या सर्व तक्रारींमागील एकच रोग ओळखता आला.