औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

संस्थान हा शब्द उच्चारला की गोमंतकीयाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते देवालय, त्याची दीपमाळ, तळी आणि अग्रशाळा. घाटापलीकडे मात्र या शब्दाचा अर्थ निराळा होता. तेथे संस्थान म्हणजे राज्य, लहान असो वा मोठे. आणि संस्थानिक म्हणजे इंग्रज सार्वभौमांच्या छत्राखाली राज्य करणारा राजा. हिंदुस्थानात अशी साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. त्यांपैकी अनेकांचे राजे शिकारी, घोडे आणि विलायतेच्या वाऱ्या यांत आयुष्य घालवून गेले व प्रजेच्या स्मरणातूनही गेले. परंतु सातारा जिल्ह्याच्या कोरड्या माळावरील एका अगदी लहान संस्थानाच्या अधिपतीने स्वखुशीने राज्याधिकार सोडून ते प्रजेच्या हाती दिले. त्यांचे नाव श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. श्रीयमाई देवीचे हे परम उपासक. देवस्थानाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र येणे म्हणूनच अस्थानी ठरू नये.

पंतप्रतिनिधींचे घराणे मूळचे किन्हईचे कुलकर्णी. घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक यांनी छत्रपती राजाराम महाराज व महाराणी ताराबाई यांच्या पडत्या काळात तलवार गाजविली आणि प्रतिनिधिपद मिळविले. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या गैरहजेरीत त्यांच्या नावाने कारभार पाहणारा अधिकारी. दरबारात त्याचा मान पेशव्यांच्याही वरचा. पुढे पेशवाई प्रबळ झाली व प्रतिनिधींचा मान कागदावर उरला. पेशवाई बुडाल्यावर १८२० साली इंग्रजांनी साताऱ्याच्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार केले. त्या करारांमुळेच १८४८ साली डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले तेव्हा औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट ही संस्थाने शाबूत राहिली. धनी गेला आणि प्रतिनिधी राहिला, असा हा इतिहासाचा विचित्र न्याय होय.

औंध संस्थानाचा विस्तार तो केवढा? क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल, गावे बहात्तर, आणि १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या शहात्तर हजार. तीही एकसंध नव्हे. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशात, तर गुणदाळ थेट विजापूर जिल्ह्यात कानडी मुलखात. एका महालातून दुसऱ्या महालात जाताना मध्ये इंग्रजी हद्द ओलांडावी लागे. संस्थानाला तोफांच्या सलामीचा मान नव्हता. सातारचा कलेक्टर हाच बहुत काळ औंधचा पोलिटिकल एजंट असे, म्हणजे जिल्ह्याचा गोरा अधिकारी राजाच्या डोक्यावर बसलेला. १९३३ नंतर दक्षिणी संस्थानांचा कारभार कोल्हापूरच्या रेसिडेंटाकडे गेला. गादीवर कोणी बसावे, बसलेल्याला केव्हा उठवावे, याचा अंतिम निर्णय इंग्रजांचा. राजाला प्रजेची भीती नसे. भीती असे ती एजंटाच्या लिफाफ्याची. इंग्रजांची ही पद्धत थोडक्या खर्चात मोठा मुलूख ताब्यात ठेवण्याची होती आणि तिच्यात राजाचे चारित्र्य बिघडावे अशीच सारी सोय होती.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. ते धाकट्या पातीचे. गादी आपणास मिळेल अशी अपेक्षा त्यांना बाळगण्याचे कारण नव्हते. बहुधा म्हणूनच त्यांचे शिक्षण नीट झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले; त्या काळी संस्थानिकांच्या घराण्यात पदवीधर मिळणे दुर्मीळ होते. वडिलांच्या हाताखाली त्यांनी कारभाराचे धडेही घेतले. १९०१ साली वडील निवर्तल्यावर थोरल्या बंधूंकडे व त्यांच्यामागून पुतण्याकडे गादी गेली. पुतण्याला इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेब अधिपती झाले. गादी देणारा हात तीच गादी केव्हाही काढून घेऊ शकतो, हा धडा त्यांना राज्यारोहणाच्या दिवशीच मिळाला होता.

पुढच्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे एक उद्योजक कारखान्याच्या जागेवरून अडचणीत आले. नगरपालिकेला ती जागा हवी होती. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. निवडुंगांनी आणि सापांनी भरलेली ती जमीन पाहून दुसरा कोणी परत गेला असता. लक्ष्मणराव आपल्या कामगारांसह तेथे उतरले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर बनविणारा हा कारखाना म्हणजे बेळगावने गमावलेले आणि औंधने कमावलेले धन, असे म्हणण्यास हरकत नाही.

विद्येच्या बाबतीतही तीच दृष्टी. सावंतवाडी संस्थानातील कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकार. वेदांतील राष्ट्रीय विचारांवर लिहिल्याबद्दल इंग्रज सरकारचा रोष त्यांच्यावर झाला होता. अशा माणसाला आश्रय देणे संस्थानिकाला धोक्याचे. बाळासाहेबांनी तो दिला. सातवळेकरांनी औंधला स्वाध्याय मंडळ स्थापून वेदग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या छापल्या, आणि त्या दक्षिण कोकणापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत घरोघर पोचल्या. १९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे योजिले तेव्हा त्या कार्यास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे बाळासाहेबांनी मान्य केले. पाचशे चौरस मैलांच्या राजाने ही रक्कम कबूल करणे म्हणजे केवढे साहस, हे हिशेबनीसांनी समजून घ्यावे. त्या ग्रंथासाठी त्यांनी स्वतः चित्रेही काढली. ग्रंथ पूर्ण व्हावयास १९६६ साल उजाडले. बाळासाहेबांच्या भाग्यात तो पाहणे नव्हते.

ते स्वतः चांगले चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांची त्यांची चित्रमालिका चित्ररामायण म्हणून प्रसिद्ध झाली. अजिंठ्याला चित्रकारांना घेऊन जाऊन त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. आयुष्यभर जमविलेली चित्रे, मूर्ती, हस्तिदंती व चंदनी वस्तू यांसाठी त्यांनी यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय बांधले. ते १९३८ साली उभे राहिले. हा संग्रह त्यांना राजवाड्यात कुलुपात ठेवता आला असता. देवीच्या वाटेवर ठेवल्यामुळे दर्शनास जाणारा शेतकरी राजा रविवर्म्याचे मूळ चित्र पाहू लागला.

देवीपुढे हा राजा स्वतः कीर्तन करी. राजा कीर्तनकार झाला तर दरबाराची प्रतिष्ठा कमी होते, असे ज्यांना वाटे त्यांच्याकडे त्यांनी कधी लक्ष दिले नाही. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

सूर्यनमस्कारांचा प्रचार हा तर त्यांचा ध्यासच. तारुण्यात त्यांनी विलायती सँडोची साधने आणवून वर्षानुवर्षे मेहनत केली होती. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या उदाहरणावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुन्हा मागे पाहिले नाही. संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता एका वृत्तपत्राच्या लेखिकेने त्यांच्याकडून ही विद्या समजावून घेतली आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक निघाले. आज जगभर सूर्यनमस्कार घालणाऱ्यांपैकी किती जणांना औंधचे नाव ठाऊक असेल? सक्तीच्या व्यायामाविषयी शाळेतल्या मुलांचे मत त्या वेळी कोणी विचारले नसावे, हेही खरे.

एवढ्यावर चरित्र संपले असते तर बाळासाहेब एक सद्गुणी संस्थानिक म्हणून गणले गेले असते. वयाच्या सत्तरीत त्यांनी जे केले त्याने ते निराळे ठरले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन १९३७ साली परतले. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात काम करणारे मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे ज्यू अभियंते, जे पुढे भारतानंद झाले, त्यांचा व अप्पासाहेबांचा स्नेह जमला. राजाने आपले सर्व अधिकार प्रजेला द्यावेत, हा विचार या मंडळींत निघाला आणि बाळासाहेबांनी तो उचलून धरला. १९३८ सालच्या अखेरीस पितापुत्र वर्ध्याकडे गांधीजींच्या भेटीस गेले. गांधीजींनी राज्यघटनेचा आराखडा स्वतः घालून दिला; पण अटीही घातल्या. राजाने साधेपणाने राहावे, राजपुत्राने गावोगाव फिरून लोकांना तयार करावे, आणि मताधिकार साक्षरांनाच असावा, म्हणजे लोक लिहावाचावयास शिकतील. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधचा स्वराज्य घटना कायदा अमलात आला.

या घटनेत गाव हा पाया धरला होता. गावाने पाच पंच निवडावेत, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा व्हावी, तालुक्यांतून औंधच्या विधिमंडळावर प्रतिनिधी जावेत आणि मंत्री त्या विधिमंडळास जबाबदार असावेत. लहानसहान दिवाणी-फौजदारी तंटे गावातच, वकिलावाचून, पंचांपुढे मिटू लागले. साक्षरतेच्या अटीमुळे गरीब शेतकरी मागे राहील, हा आक्षेप रास्त होता. परंतु त्याच अटीमुळे गावोगाव रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग भरू लागले, हेही तितकेच सत्य. वंशपरंपरेने आलेला हक्क माणसाला किती प्रिय असतो, हे महाजन कुटुंबांना वेगळे सांगणे नको. देवाच्या पालखीचा खांदा कोणी धरावा यावरून कज्जे कोर्टात गेलेले आपण पाहिलेच आहेत. येथे एक पुरुष सव्वादोनशे वर्षांचा हक्क लेखणीच्या एका फटकाऱ्याने सोडीत होता. आणि ज्या साली माणदेशातला कुणबी आपले पंच निवडू लागला, त्या साली गोमंतकात आक्तु कोलोनियालचा अंमल चालू होता. गोव्याच्या खेडुताला खरे मत मिळावयास १९६१ नंतरचा काळ यावा लागला.

त्याच १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत निघाली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंती व पहारे यांवाचून, शेती करून राहण्याची मोकळीक तेथे दिली गेली. या प्रयोगावरूनच पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ हा बोलपट निघाला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे औंधच्याच शाळेत शिकलेले. त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर आणि आटपाडीचे शंकरराव खरात हेही याच संस्थानाच्या मातीतले. एवढ्याशा मुलखातून मराठीला एवढे लेखक मिळावेत, यात शाळांचा वाटा नसेल असे कोण म्हणेल?

१९४२ च्या चळवळीत इंग्रजी हद्दीतून निसटलेले कार्यकर्ते औंधच्या हद्दीत आसरा घेत. कुंडल तर प्रतिसरकारच्या वीरांचे गावच. रेसिडेंटाचा दाब असतानाही औंधच्या कारभाराने या मंडळींकडे शक्य तेवढी डोळेझाक केली.

स्वातंत्र्य आले तेव्हा एकेकट्या लहान संस्थानाने टिकणे अशक्य होते. दक्षिणेतील काही संस्थानिकांनी गांधीजींचा सल्ला घेऊन संघ करण्याचे ठरविले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये औंध, भोर, सांगली, फलटण, रामदुर्ग इत्यादी संस्थानांचा संयुक्त दक्षिणी संघ करारपत्राने अस्तित्वात आला. त्याचे आयुष्य जेमतेम काही महिन्यांचे ठरले. प्रजेचा कल मुंबई प्रांतात जाण्याकडे होता. अशात ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ सुरू झाली. संस्थानी मुलूखही तीतून सुटला नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आगी लावण्यात आल्या. गांधीजींच्या हातची घटना स्वीकारणाऱ्या राजाच्या राज्यात गांधीजींच्या नावाने घरे जळावीत, हे दुःख ऐंशीच्या घरातल्या बाळासाहेबांना पाहावे लागले. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. पंचायतींची ती घटनाही संस्थानाबरोबर संपली. स्वतंत्र भारताच्या नव्या कायद्यांत बहात्तर गावांच्या या नऊ वर्षांच्या अनुभवाची दखल फारशी कोणी घेतली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

अप्पासाहेब १९४८ साली भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीस गेले; पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, इंग्लंड अशा अनेक देशांत त्यांनी वकिलात सांभाळली. प्रतिनिधी हे घराण्याचे बिरुद असे निराळ्या अर्थाने खरे झाले. सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ गुजरातेत पारडीला नेले. बाळासाहेब मागे राहिले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

संस्थानिकांचे तनखे १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आणि गुणदाळ कर्नाटकात आहे. संग्रहालय राज्य शासनाच्या ताब्यात असून यमाईच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू आजही त्याच वाटेने डोंगर चढतात.