एकच निगेटिव्ह, १३०० चंद्रोदय

अॅन्सेल अॅडम्स (१९०२-१९८४) खरं तर पियानोवादक होणार होते. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र दिसला, तेव्हा लाइट मीटर सापडेना. चंद्राचं तेज ठाऊक होतं, त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. दुसरा फोटो घेण्याआधीच क्रूसांवरचं ऊन गेलं.

निगेटिव्ह मात्र भलतीच अवघड. १९४८ मध्ये तिचा खालचा भाग त्यांनी रसायनाने गडद केला. डार्करूममध्ये प्रत्येक प्रिंटला कुठे प्रकाश अडवायचा, कुठे जास्त द्यायचा, सगळं हातानेच. अशा १३०० हून अधिक प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढग दिसतात. नंतर ते जवळपास काळंच. मग खरी प्रिंट कोणती?

इंकजेटमध्ये ही कसरत संगणकावर एकदाच होते आणि शंभरावी प्रिंटही पहिलीसारखीच निघते. अॅडम्सना इलेक्ट्रॉनिक छायाचित्रणाचं कुतूहल होतं. पण ते हाती येण्याआधीच ते गेले.