विद्यार्थी भीमरावांचे बिऱ्हाड



जून उजाडला की आपल्या वस्तीतल्या दोन-चार घरांत एकच बोलणे चालते. पोरगा बारावी पास झाला, शहरातल्या कॉलेजात नाव लागले, आता राहायचे कुठे? वसतिगृहाच्या यादीत नंबर लागेल का? नाही लागला तर खोली कोण देईल? माझ्या शाळेतून गेलेल्या एका मुलाचे वडील परवा विचारीत होते की, गुरुजी, खोली मागताना पोराने दुसरे आडनाव सांगितले तर चालेल काय? मला चटकन उत्तर देता आले नाही. मी स्वतः कॉलेजसाठी शहरात गेलो तेव्हा भाडे ठरले होते, चहाही झाला होता. मग आडनाव विचारले गेले, आणि ती खोली एकाएकी मालकाच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. म्हणून आज परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातला एवढाच भाग तुमच्यापुढे ठेवतो : शिकत असताना ते राहिले कुठे?

सुभेदार रामजी मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याहून मुंबईस आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यासही तिथेच. डोळ्यांपुढे आणा ती खोली : एका बाजूला जाते, कोपऱ्यात शेळी, वर सरपण, आणि घरात माणसे इतकी की सगळ्यांनी एकदम अंग टाकायचे म्हटले तर जागा नाही. सुभेदारांनी यावर तोड काढली. भीमरावांनी संध्याकाळीच झोपायचे. वडील स्वतः जागे राहत, रात्री दोनला मुलाला उठवीत आणि मग त्याच्या जागी आपण आडवे होत. मुलगा दिव्यापाशी वाचीत बसे. दिवसा शांत जागा हवी म्हणून तो चर्नी रोडच्या बागेत जाई. तिथेच केळुसकर गुरुजींची ओळख झाली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर याच गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. घरात जागा नव्हती म्हणून मुलगा बागेत गेला, आणि तिथल्या ओळखीतून बुद्ध घरात आले!

पुढे परळलाच इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या. दुसरा मजला, नंबर ५० आणि ५१. त्यांतली एक अभ्यासाची झाली.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले आणि जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड. त्यातूनच घरी रमाईकडेही पैसे पाठवायचे. आधी कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवेना, म्हणून थोड्याच दिवसांत कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याची सोबत तिथे लाभली. म्हणजे नव्या शहरात पहिली जागा त्यांनाही जमली नाही, दुसरीही कायमची झाली नाही. आपला पोरगा पहिल्या महिन्यात खोली बदलतो म्हटल्यावर घाबरून जाऊ नका. मात्र त्या शहरात जेवणाच्या टेबलावर, वाचनालयात, वसतिगृहाच्या दारात कोणी त्यांची जात विचारली नाही.

मग १९१७ चा सप्टेंबर आला. कराराप्रमाणे बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर गेले. कोलंबियात शिकलेला विद्वान, पण गावात उतरायला जागा नाही. हिंदूंच्या हॉटेलात प्रवेश नव्हता. एक पारशी सराय होती, ती फक्त पारशांसाठी. तिथल्या व्यवस्थापकाशी ठरले आणि वहीत खोटे पारशी नाव लिहिले गेले. दिवसाचे भाडे दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहान खोली आणि बाजूला अडगळीने भरलेले मोठे दालन. तिथे मोडक्या खुर्च्या, फळ्या आणि वटवाघळे, उजेडाला एक कंदील, आणि बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघाले, तोच लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याचे बजावले. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. एका हिंदू मित्राकडे गेले. याला घरात घेतले तर नोकर निघून जातील, अशी त्याला भीती. दुसरा मित्र ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला, त्याच्या घरूनही नकार आला. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले आणि त्यांचे डोळे वाहत होते.

खोटे नाव अकरा दिवस पुरले. त्या वडिलांना मी अखेर हेच सांगितले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. लाठ्या घेऊन आले ते पारशी, आणि १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला पाच हजार रुपये उसने दिले तो नवल भथेनाही पारशीच. जातीवरून माणूस जोखण्याची चूक आपल्या हातून होता कामा नये.

लंडनात तर पोटाचीच मारामार होती. घरमालकीण हात आखडून वाढणारी. सकाळी चहा, पावाचा तुकडा, थोडी मासळी. रात्री भुकेने झोप येईना, तेव्हा गावाकडचे पापड पत्र्यावर भाजून खात. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत. गाडीभाडे वाचवायला पायी जात. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले.

१९२३ साली परत आले ते परळच्या त्याच चाळीत. पुढच्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने पहिल्याप्रथम जी कामे हाती घेतली, त्यांत सोलापूरचे वसतिगृह होते. ४ जानेवारी १९२५ रोजी ते सुरू झाले. खेड्यातून आलेल्या आपल्या मुलांना तिथे राहायला जागा, जेवण आणि कपडे मिळू लागले, आणि दारात आडनाव विचारणारा घरमालक तिथे नव्हता.