पाषाणदरीचा पाळक : योहान फ्रीडरिक ओबर्लिन

आश्विन लागला, ओढ्यांचे पाणी निवळले, बाजरीची कणसे घरात येऊ लागली, की आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत दोन गोष्टींची चर्चा नेमाने सुरू होते. एक पिकाच्या आभारस्तुतीच्या उपासनेची आणि दुसरी पावसाने वाहून गेलेल्या रस्त्याची. पहिलीविषयी सारेच उत्साहाने बोलतात. दुसरी सरकारने करावी, ग्रामपंचायतीने करावी, की ज्याची गाडी त्याने करावी, याचा निकाल लागता लागता पुढचा पावसाळा दाराशी येतो. म्हणून या ऋतूत आम्ही वाचकांपुढे अशा एका पाळकाचे चरित्र ठेवीत आहो, की ज्यांनी ही दोन कामे आयुष्यात कधी निराळी मानलीच नाहीत.

फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवर आल्सास नावाचा प्रांत आहे. त्यातील स्ट्रासबुर्ग शहरी ३१ ऑगस्ट १७४० रोजी योहान फ्रीडरिक ओबर्लिन यांचा जन्म झाला. वडील विद्यालयात शिक्षक. मिळकत बेताची आणि मुले नऊ. सुटीच्या दिवशी वडील मुलांना शहराबाहेरील मळ्यात नेत, स्वतः ढोल वाजवीत व त्यांच्याकडून शिपायांप्रमाणे कवायत करवून घेत. त्यामुळे लहानपणी ओबर्लिन यांस शिपाई होण्याची फार हौस होती. पुढे ईश्वरज्ञानाचा अभ्यास पुरा झाल्यावर एका पलटणीचे पाळकपण पत्करण्याचे त्यांनी ठरविलेही होते. इतक्यात १७६७ साली एक गृहस्थ त्यांची माडीवरची लहानशी खोली शोधीत आले, आणि आयुष्याची दिशाच पालटली.

ते गृहस्थ म्हणजे पाळक श्टुबर. व्होज पर्वताच्या कुशीत पाषाणदरी या अर्थाच्या नावाचे एक खोरे आहे, तेथे ते सेवा करीत होते. या श्टुबरांची एक हकीकत आधी सांगितली पाहिजे. १७५० साली ते प्रथम त्या खोऱ्यात गेले, तेव्हा त्यांनी शाळा पाहण्याची इच्छा दर्शविली. लोकांनी त्यांना एका झोपडीत नेले. आत पोरांचा गोंगाट चालला होता आणि कोपऱ्यात खाटेवर एक जर्जर म्हातारा पडला होता. तोच शिक्षक. मुलांना काय शिकवता, असे विचारता त्याने काही नाही म्हणून सांगितले. कारण त्याला स्वतःलाच काही येत नव्हते. मग ही जागा मिळाली कशी? तर तो पूर्वी गावची डुकरे राखीत असे. वयामुळे ते काम होईना, म्हणून गावाने त्याच्याकडे मुले सोपविली! श्टुबरांनी चांगले शिक्षक नेमावयाचे मनात आणले, पण शिक्षकाचा धंदा इतका हलका गणला जाई की कोणी बाप आपला मुलगा देईना. तेव्हा त्यांनी पदाचे नावच बदलून त्यास मानाचे नाव दिले, आणि मग शहाणीसुरती मुले पुढे आली. खेड्यापाड्यांतून तुटपुंज्या मानधनावर शिकविणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंना ही गोष्ट वाचून हसू येईल, आणि त्यांच्यापैकी काहींना हसू येणारही नाही.

अशा खोऱ्यात, वाल्डर्सबाख या गावी, सत्ताविसाव्या वर्षी ओबर्लिन आले. जमीन खडकाळ, हिवाळा लांब व कडक, बोली अशी की शेजारच्या लोकांना ती धड समजू नये. बाहेरच्या जगाशी दळणवळण म्हणाल तर पायवाटेपलीकडे काही नाही. लोक गरीब होते, आणि गरिबीने येणारा हट्टही त्यांच्या अंगी होता. नव्या पाळकाच्या सुधारणा न रुचून काहींनी त्यांस वाटेत गाठून चोप देण्याचा बेत केला. ओबर्लिन यांना हे कळले. त्या रविवारी त्यांनी अन्याय सोसण्याविषयी उपदेश केला, आणि उपासना संपल्यावर कटवाले ज्या घरी जमले होते तेथे ते आपण होऊन एकटेच गेले. दबा धरून मारण्याचा नीचपणा तुमच्या माथी नको, म्हणून मीच आलो आहे, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. त्या माणसांनी क्षमा मागितली, व पुढे ती त्यांचे जिवलग झाली.

आता रस्त्याची गोष्ट. पीक आले तरी ते बाजारात नेता येत नाही, अवजार मोडले तर शहरातून आणता येत नाही, हे पाहून ओबर्लिन यांनी लोकांना जमविले. खडक सुरुंगाने फोडून ब्रूश नदीच्या काठाने सुमारे दीड मैल रस्ता काढावा, खालून भिंत बांधून तो सावरावा, आणि रोतो गावाजवळ नदीवर पूल घालावा, अशी त्यांनी सूचना मांडली. हे होणे नाही, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. ज्याला त्याला आपापले काम होते. ओबर्लिन यांनी वाद घातला नाही. ज्यांना हे काम हिताचे वाटते त्यांनी मागून यावे, एवढे बोलून त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली व ते चालू लागले. त्यांच्यामागून एक निघाला, मग दहा, मग गावेच्या गावे. अवघड जागा पाळकाने स्वतःसाठी राखली होती. अवजारे कमी पडली तेव्हा स्ट्रासबुर्गच्या स्नेह्यांनी ती पाठविली. पुलाला प्रीतीचा पूल असे नाव पडले. रविवारी जो मनुष्य व्यासपीठावर उभा राहून बोलत असे, तोच सोमवारी चिखलात उभा राहून दगड रचीत असे. आणि आमची अशी समजूत आहे की सोमवारच्या कामामुळेच रविवारचे बोलणे लोकांच्या कानांतून अंतःकरणापर्यंत पोहोचले.

शेतीच्या बाबतीत त्यांनी याहून अधिक चतुराई दाखविली. शहरातल्या मनुष्याने शेतकऱ्यास शेती शिकवावी, हे कोणत्या देशातील शेतकरी ऐकून घेतो? म्हणून ओबर्लिन यांनी उपदेश केलाच नाही. त्यांच्या घराच्या बागेतून लोकांची नेहमीची पायवाट जात असे. त्या वाटेच्या दोहो बाजूंस त्यांनी चर खणून, खत घालून फळझाडे लाविली, व स्वस्थ राहिले. जाणारा येणारा पाहू लागला. आपल्या रानात काही येत नसता याच मातीत हे कसे, असे लोक विचारू लागले, आणि मग शिकविण्यास अवसर मिळाला. शरद ऋतूत गळालेली पाने, चिंध्या, टाकाऊ म्हणून फेकले जाणारे सर्व काही कुजवून खत कसे करावे, हे त्यांनी दाखविले. बटाट्याचे बियाणे खराब झाले होते, ते परप्रांतातून नवे आणविले. होतकरू मुलांना सुतार, लोहार, गवंडी यांची कामे शिकण्यास शहरात धाडिले. गरजूंना अवजारे व पैसा मिळावा म्हणून लहानशी पेढी काढिली. दृढीकरणासाठी येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आपण दोन झाडे लाविल्याचा दाखला आणावा, असाही त्यांचा नियम होता. पवित्र शास्त्राचे पाठांतर आणि झाडाचे आळे हे दोन्ही एकाच परीक्षेत!

दानाविषयी ते फार काटेकोर असत. जुन्या करारातील दशमांशाचे नियम वाचून त्यांनी घरात तीन पेट्या ठेविल्या होत्या. पहिल्या पेटीतील पैसा उपासनेच्या व शाळांच्या कामी, दुसऱ्या पेटीतील रस्ते व इतर लोकोपयोगी कामांकडे, आणि तिसरीतील गरिबांसाठी. मिळकत हाती येताच वाटणी होई. उरल्यास देऊ असा प्रकार नसे.

१७६८ साली माडलेन सालोमे विटर या सुशिक्षित कुमारीशी त्यांचा विवाह झाला. शाळांच्या कामात ती त्यांची खरी सहकारिणी होती. आईबाप शेतावर गेले की लहान मुले धुळीत लोळत राहत. म्हणून १७७० च्या सुमारास या खोऱ्यात बायकांच्या हाती बालवर्ग सुरू झाले. तेथे मुले विणकाम शिकत, गाणी म्हणत, फुलापानांची नावे सांगत व शुभवर्तमानातील गोष्टी ऐकत. युरोपातील अगदी पहिल्या बालशाळांत यांची गणना होते. पंधरा वर्षांच्या संसारानंतर, नववे मूल झाल्यावर थोड्याच आठवड्यांनी, १७८३ च्या जानेवारीत ती बाई वारली. घरात सात मुले आईवाचून राहिली.

त्या घरात लुइझे शेप्लर नावाची एक शेतकऱ्याची मुलगी चाकरीस होती. तिचे वय त्या वेळी विशीच्या आसपास. तिने मुलांचा सांभाळ केला, घर राखिले, आणि हिमातून गावोगाव जाऊन बालवर्गही चालविले. लग्नाच्या मागण्या आल्या त्या तिने नाकारल्या. १७९३ च्या नववर्षदिनी तिने मालकांस पत्र लिहून कळविले की यापुढे पगार नको, मुलगी म्हणून घरात ठेवावे. तेव्हापासून ती त्या घरची लेकच झाली.

ते १७९३ साल फ्रान्सला फार कठीण गेले. राजास देहदंड झाला, सीमेवर युद्ध पेटले, सार्वजनिक उपासना बंद पडल्या. ओबर्लिन यांचा तरुण पुत्र फ्रीडरिक स्वेच्छेने सैन्यात गेला होता. तो त्याच वर्षी रणात पडला. ज्या बापाला लहानपणी शिपाई व्हावयाचे होते त्याच्या घरी ही वार्ता आली. तरी देशाविषयी त्यांचे मन कडवट झाले नाही. प्रत्येक गावाने राजकीय सभा भरवावी असा हुकूम सुटला, तेव्हा लोकांनी ओबर्लिन यांनाच वक्ता नेमिले. जुलमी सत्ताधाऱ्यांविरुद्ध बोलावे, असे फर्मान होते. त्यांनी सांगितले की आपल्या खोऱ्यात राजे तर नाहीत, पण प्रत्येकाच्या हृदयात लोभ, द्वेष व असत्य हे जुलमी राज्य करीत आहेत, त्यांच्याशी लढावे. अशा रीतीने उपासना चालूच राहिली. जिवावर उदार होऊन त्यांनी पळून आलेल्या लोकांना आसराही दिला. १७९४ च्या उन्हाळ्यात त्यांना पकडून नेण्यात आले. परंतु रोबेस्पिएरचा पाडाव होताच सुटका झाली.

देशभक्तीची त्यांची एक कृती आम्हांस सर्वांत थोर वाटते, आणि तिची वाच्यता फार थोडी होते. क्रांतीच्या सरकारने कागदी नोटा काढल्या होत्या. त्यांची किंमत घसरत घसरत शून्यावर आली व १७९६ साली त्या रद्द झाल्या. हजारो गरिबांचे नुकसान झाले. ओबर्लिन यांचे म्हणणे असे की त्या कागदावर राष्ट्राने वचन दिले आहे, आणि वचन मोडले तर कलंक प्रत्येक नागरिकास लागतो. म्हणून त्यांनी आपल्या मंडळीतील लोकांजवळ राहिलेल्या नोटा थोड्या थोड्या करून, त्यांच्या बदली शेतीची अवजारे देऊन, परत घेण्यास आरंभ केला. हे काम सुमारे २५ वर्षे चालले होते. सरकारने बुडविलेले कर्ज एक खेडेगावचा पाळक पदरमोड करून फेडीत होता!

जंगलाच्या हक्कांवरून खोऱ्यातील लोकांचा जमीनमालकांशी दावा ८० वर्षांहून अधिक काळ चालला होता. वकिलांची घरे भरली, शेतकऱ्यांची रिकामी झाली. ओबर्लिन यांनी दोहो पक्षांस समजावून १८१३ साली तडजोड घडवून आणिली. ज्या लेखणीने सह्या झाल्या ती प्रांताधिकाऱ्यांनी त्यांस भेट दिली. ज्या गावांत बांधावरून भावाभावांत तिसऱ्या पिढीचे खटले चालू आहेत, त्या गावांतील वाचकांनी हे वाक्य वगळून पुढे जाऊ नये.

या थोर पुरुषाच्या सर्वच कल्पना आम्हांस पटतात असे नाही. ते स्वर्गातील निवासस्थानांचा नकाशा काढीत, आणि मृत पत्नी आपणांस भेटते असे मानीत. शास्त्राचा आधार पाहू गेल्यास तेथे आम्ही त्यांच्यामागून जाऊ शकत नाही. मात्र परलोक इतका जवळ मानणारा हा मनुष्य इहलोकीच्या गटारी व पुलांविषयी इतका दक्ष कसा, याचे नवल वाटते. रोमन मताच्या शेजाऱ्यांशीही ते बंधुभावाने वागत.

पुढे सन्मान आले. पॅरिसच्या कृषिसंस्थेचे सुवर्णपदक १८१८ साली, आणि राजाकडून मानचिन्ह १८१९ साली. त्याआधीच, १८१७ साली, त्यांचा धर्मसेवक पुत्र हेन्री मरण पावला होता. अमेरिकेत १८३३ साली एक गाव व विद्यालय ओबर्लिन यांच्या नावाने वसले, ते त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्या खोऱ्यात सुमारे ५९ वर्षे सेवा करून १ जून १८२६ रोजी ते प्रभूकडे गेले. वाल्डर्सबाखहून फूदे गावच्या स्मशानभूमीपर्यंत लोकांची रांग लागली होती. रोमन मताच्या बायकाही गुडघे टेकून रडत होत्या. ते ज्या घरात राहत तेथे आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

ओबर्लिन यांच्या मुलांनी लुइझेला वडिलांच्या मिळकतीत वाटा देऊ केला. तिने तो घेतला नाही. आपल्या नावापुढे ओबर्लिन हे नाव लावण्याची परवानगी तेवढी मागितली. १८२९ साली फ्रान्सच्या विद्वत्सभेने तिच्या सदाचरणाबद्दल तिला ५,००० फ्रँकांचे पारितोषिक दिले. ती रक्कम तिने सत्कार्यास लाविली, आणि १८३७ साली मरेपर्यंत ती बालवर्गातील मुलांतच राहिली.