संसार सांभाळून पुन्हा विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



शिक्षण मध्येच सुटलेला माणूस तिशीच्या घरात आला की त्याच्या मनात एक प्रश्न घर करून बसतो. आता पुन्हा पूर्णवेळ शिकायला बसलो, तर हातची नोकरी जाईल, मिळते ती मदत बंद होईल. मग घरच्यांनी खायचे काय? हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच ज्यांना या प्रश्नाला प्रत्यक्ष तोंड द्यावे लागले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आज तुमच्यासमोर ठेवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून तुम्हाला परिचित आहेतच. परंतु वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी प्राध्यापकाची नोकरी सोडून, पत्नी व मुलाला परळच्या चाळीत ठेवून ते पुन्हा विद्यार्थी झाले, ही हकीकत सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार पलटणीतून निवृत्त झालेले. पुढे हे कुटुंब मुंबईत परळला एका खोलीत राहू लागले. त्या एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास चाले. मुलगा संध्याकाळी लवकर निजे. वडील रात्री दोनपर्यंत जागत, त्याला उठवत आणि मगच स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी वेळप्रसंगी लेकीचे दागिने गहाण पडत. पालकांनो, या बापाची आठवण ठेवा.

1907 साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे या मुलावर लक्ष होते. कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव बी. ए. झाले. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील वारले, आणि त्याच वर्षी बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या रकमेतूनच घरीही काही पाठवावे लागे. म्हणून न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी अभ्यास केला आणि 1915 मध्ये एम. ए. पदवी मिळवली. 1916 मध्ये ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्र व कायदा या दोन्ही अभ्यासांसाठी त्यांनी नाव घातले.

येथेच अडचण उभी राहिली. वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि 1917 साली शिष्यवृत्ती थांबली. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागणार होते. अशा वेळी दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. भीमरावांनी निघण्यापूर्वी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. मित्रांनो, या एका गोष्टीवर पुढचे सारे अवलंबून होते. नुसते निघून आले असते, तर दार कायमचे बंद झाले असते.

परतीचा काळ महायुद्धाचा. वेगळ्या बोटीने पाठविलेले सामान पाणतीराने बोट बुडाल्यामुळे गेले; त्यात पुस्तकेही गेली. कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथे अस्पृश्य म्हणून कचेरीतले शिपाईही कागद लांबून फेकत. राहायला घर मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तर तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एवढा शिकलेला माणूस झाडाखाली बसून रडला. ते मुंबईस परतले. शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची कचेरी काढली; जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले.

नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा 450 रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. परंतु बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. चांगल्या वस्तीत जाणे शक्य होते. त्यांनी ते केले नाही. पगारातला काही भाग रमाबाईंच्या हाती घरखर्चासाठी जाई आणि उरलेला लंडनसाठी शिल्लक पडे. चार वर्षांची मुदत त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

मार्च 1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले 5000 रुपयांचे कर्ज, अशी तीन ठिकाणची मदत जुळवून जुलैत ते बोटीवर चढले. एका जमातीने त्यांना बडोद्यात घराबाहेर काढले होते. त्याच जमातीतला हा मित्र पाठीशी उभा राहिला. माणसाची पारख जातीवरून करू नये, हा धडा त्यातून आपण घ्यावा.

लंडनमध्ये सकाळी घरमालकिणीने दिलेला तुटपुंजा नाश्ता आणि रात्री भाजलेले पापड. गाडीभाडे वाचविण्यासाठी पायपीट. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. इकडे परळमध्ये रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या. त्यांनी पोटची लेकरे गमावली होती, तरी पतीच्या अभ्यासात खंड पडू दिला नाही. बाबासाहेबांच्या पदव्यांत त्यांचा अर्धा वाटा आहे, असे मी मानतो.

1921 मध्ये एम. एस्सी. झाली. पुढे बॅरिस्टरीही पुरी झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध मात्र परीक्षकांनी दुरुस्त करण्यास सांगितला आणि तेवढ्यात पैसे संपले. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईस आले, येथूनच प्रबंध सुधारून पाठविला, आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळाली. वकिलीच्या सनदेसाठी पैसे नव्हते; तेव्हाही भथेनाच धावून आले. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी सुरू झाली. पुढे दादरला त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. स्वतः सोसलेली अडचण ते विसरले नव्हते. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

वाचकहो, आपल्या वस्तीतही घरच्या गरिबीने शाळा सोडलेले तरुण आहेत. लग्नानंतर शिकू इच्छिणाऱ्या मुली आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन. मिळणारी मदत कोणत्या अटीवर आणि किती मुदतीची आहे, हे आधी नीट वाचा. मुदत संपण्यापूर्वी अर्ज करा आणि परवानगी लेखी घ्या. एकाच दारावर विसंबू नका. घरखर्चाची तजवीज केल्याशिवाय नोकरी सोडू नका. आणि तजवीज झाली की कचरू नका. पालकांनो, आणि विशेषतः सासू-सासऱ्यांनो, घरातले कोणी पुन्हा पुस्तक हाती घेत असेल, तर त्याला वय विचारू नका. त्याच्यासाठी दिवा जागता ठेवा.