कुलपाला विश्वासार्हता देणारे अर्देशीर गोदरेज

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत-खालापूर परिसरात चार महिने पाऊस कोसळतो. दमट हवेत कड्या गंजतात, कुलपे अडतात. अशा वेळी किल्ली सहज फिरावी आणि ती मालकाचीच असावी, एवढीच गृहस्थाची माफक अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते उद्योजक म्हणजे अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

१८६८ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात जन्मलेल्या अर्देशीर यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरच्या दुर्घटनेत त्यांची पत्नी बचूबाई यांचा मृत्यू झाला. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे वकिलीसाठी ते झांझिबारला गेले. परंतु अशिलाच्या लाभासाठी सत्याला मुरड घालणे त्यांना मानवले नाही. वकिली सोडून ते मुंबईस परतले.

मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवली. उपकरणे उत्तम होती. मात्र त्यांवर भारतीय बनावटीचा शिक्का असू नये, अशी इंग्रज ग्राहकाची अट होती. अर्देशीर यांनी ती नाकारली आणि धंदा बुडाला. पैसा गेला, पण शिक्का सोडला नाही.

त्या काळी मुंबईत घरफोड्यांचा सुळसुळाट होता. हे ध्यानी घेऊन त्यांनी पुन्हा कामांच्याच मदतीने १८९७ मध्ये लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला. नेहमीच्या कुलपातील स्प्रिंग कालांतराने गंजे वा तुटे आणि कुलूप निकामी होई. अर्देशीर यांनी स्प्रिंगविरहित कुलूप घडवले. मोडणारा भाग सुधारत बसण्यापेक्षा तो काढूनच टाकावा, ही त्यांची दृष्टी घरगुती वस्तूंच्या रचनेत आजही मार्गदर्शक ठरावी.

कुलपापाठोपाठ १९०२ मध्ये तिजोरी आली. चोराइतकाच आगीचाही विचार तिच्या बांधणीत होता. १९२५ मध्ये कोलकात्यातील धरमतल्ला भागात भीषण आग लागली, तेव्हा या तिजोऱ्यांतील ऐवज सुरक्षित राहिला आणि जाहिरातीने मिळाला नसता असा लौकिक मिळाला. धाकटे बंधू पिरोजशा यांच्या साथीने उद्योग वाढत गेला. १९२३ मध्ये पोलादी कपाटांचे उत्पादन सुरू झाले. तत्पूर्वी, १९१८ च्या सुमारास, प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण तयार करून त्यांनी अनेक घरांतील धार्मिक अडचण दूर केली होती.

टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. तरीही केवळ स्वदेशी म्हणून निकृष्ट माल ग्राहकाच्या गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते. स्वदेशी वस्तू गुणवत्तेवरच टिकली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. उत्तरायुष्यात कारभार पिरोजशांकडे सोपवून त्यांनी नाशिक येथे शेतीचे प्रयोग केले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

लालबागेत लावलेल्या या रोपट्याच्या फांद्या अलीकडच्या काळात खालापूर तालुक्यापर्यंत पोहोचल्या आहेत. उत्तम वस्तूची खूण तिच्या झगमगाटात नसते. रोज वापरूनही जिची आठवण होऊ नये आणि गरजेच्या क्षणी जिने दगा देऊ नये, तीच उत्तम वस्तू, हे अर्देशीर यांच्या कुलपाने शिकवले.